पावकी गेली कुठे आणि मॉनिटर आला कुठून?

२०१९ च्या जूनमध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात केवढं रान उठलं होतं, आठवतंय? एकवीसला ‘वीस एक’, बासष्टला ‘साठ दोन’ असं वाचायची पद्धत बालभारतीनं त्यात आणली होती. वर्तमानपत्रांत पत्रांचा पाऊस पडला, विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावावरून कोट्या झाल्या, व्हॉट्सॲपचं तर विचारूच नका. आमच्या घरातही दोन तट पडले. आई म्हणाली, “आम्ही शिकलोच ना एकवीस-बावीस? काय बिघडलं आमचं?” प्राथमिक शाळेत शिकवणारी वहिनी म्हणाली, “तुम्ही शिकलात हो. वर्गातल्या ज्या दहा जणांना आलं नाही, ते तुम्हाला आठवत नाहीत एवढंच.”

वहिनीचं म्हणणं साधं होतं. मूल ‘पंचवीस’ ऐकतं तेव्हा कानावर आधी पाच पडतात, मग वीस. लिहायचं मात्र आधी दोन, मग पाच. म्हणून वहीत ५२ उमटतात. एकोणतीसमध्ये तर ऐकू येतात तीस आणि लिहायचे दोनावर नऊ. ‘एकोण’ म्हणजे एक उणे, हे सात वर्षांच्या पोराला कसं कळावं? कानडी मूल दहाचा आकडा आधी म्हणतं, त्याच्यापुढे हा पेच नसतो. गणित अभ्यास मंडळाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनीही तेव्हा जवळपास हेच सांगितलं होतं, आणि जुनी पद्धत मोडीत काढलेली नाही असा खुलासाही झाला होता. आईचं म्हणणंही उडवून लावण्यासारखं नव्हतं. संख्यांची नावं ही भाषेची ठेव आहे. ती पुढच्या पिढीच्या हाती शाळेनं द्यायची नाही, तर कोणी?

दोघींना कल्पना नव्हती, पण त्या ज्यावरून भांडत होत्या तो वाद फार जुना आहे. शाळा कशासाठी असते? एक उत्तर आईचं: आधीच्यांनी जमवलेलं पुढच्यांच्या हवाली करायला. दुसरं वहिनीचं: समोरच्या मुलाला जसं उमजतं तसं शिकू द्यायला. तिसरं बहुतेक आईबापांचं: पोर पोटापाण्याला लागावं म्हणून. आणि चौथं उत्तर देणारे नेहमी थोडे असतात: आहे तो समाज बदलावा म्हणून. बी.एड.ला ‘शिक्षणाचं तत्त्वज्ञान’ म्हणून जे जाडजूड प्रकरण परीक्षेपुरतं पाठ करतात, त्याचा गाभा या चार उत्तरांच्या ओढाताणीत आहे. कुठल्याही काळातला अभ्यासक्रम उघडला तर चारांतलं एखादं उत्तर वरचढ दिसतं आणि बाकीची कोपऱ्यात अंग चोरून बसलेली दिसतात.

अभ्यासक्रम म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे, एवढं आधी सांगून टाकतो. पुस्तक हे सामान. कुठल्या विषयात कुठले घटक, हा पाठ्यक्रम. आणि मूल शाळेत जे जे काही शिकून बाहेर पडतं, ठरवून शिकवलेलं आणि न ठरवता शिकवलेलंही, तो सगळा अभ्यासक्रम. न ठरवता शिकवलेल्याकडे पुढे येतो.

आईच्या वडिलांचं बाजाराच्या गावी किराणा दुकान होतं. सव्वा रुपया शेराचा माल अडीच शेर दिला, की गिऱ्हाइकानं पिशवीचं तोंड बांधायच्या आत आजोबा म्हणत, “तीन रुपये दोन आणे.” कागद नाही, पाटी नाही. एक अडीच म्हणजे अडीच रुपये, अडीचाचे पाव म्हणजे दहा आणे, झाले तीन रुपये दोन आणे. हे डोकं त्यांनी जन्मतः आणलेलं नव्हतं. लहानपणी रोज संध्याकाळी परवचा म्हणताना साध्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे त्यांच्याकडून घोटून घेतलेले होते. औटकीसुद्धा. औट म्हणजे साडेतीन. संतांच्या ‘औट हात’ देहातलं औट तेच.

हे पाढे पंतोजींच्या शाळेतून आलेले. ही शाळा एखाद्याच्या ओटीवर, देवळात, नाहीतर वाड्याच्या पडवीत भरे. धुळपाटीवर बोटानं किंवा काडीनं अक्षरं गिरवायची, मोडी वळणदार करायची, पत्राचे मायने शिकायचे आणि हिशेब. छापील पुस्तक नाही, इयत्ता नाही, वार्षिक परीक्षा नाही. पोराला खातं लिहिता येऊ लागलं की शाळा संपली. पंतोजींना मिळे शिधा, धान्य, सणासुदीला काहीबाही. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, शेराचे चार पावशेर, मणाचे चाळीस शेर: सगळा व्यवहारच चौथाईत तुटणारा. मग पाढेही चौथाईचे. अभ्यासक्रम बाजारातून उचललेला होता आणि बाजाराला तंतोतंत बसत होता.

पण या शाळेला उगाच सोन्याचा मुलामा देणाऱ्यांचं मला पटत नाही. तिथे कोण बसत होतं ते बघा. ज्याला पुढे कुलकर्णीपण करायचं, दुकान चालवायचं, सावकारीच्या वह्या लिहायच्या, त्याची पोरं. नांगर धरणाऱ्याच्या पोराला हिशेब यावा, असं कोणाला वाटत नव्हतं. उलट तो येऊ नये यात काहींचं हितच होतं. मुली जवळजवळ नव्हत्याच. शिवाय छडी, अंगठे धरणं, टांगून ठेवणं हेही त्याच ओटीवर चालायचं.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ शेर जाऊन किलो आला आणि एका पिढीत पावकी-निमकी जिभेवरून उतरली. कोणी समिती नेमली नाही, कोणी निषेधाची पत्रं लिहिली नाहीत. तिच्या असण्याचं कारण गेलं, ती गेली. कारण जातं आणि गोष्ट मात्र राहते, असंही होतं. वर्गाचा मॉनिटर घ्या.

१७८९ मध्ये अँड्र्यू बेल नावाचे स्कॉटिश पाद्री मद्रासच्या एग्मोर भागातल्या, सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख झाले. शिक्षक त्यांचं ऐकत नव्हते. बेल यांनी आसपासच्या देशी शाळेत मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना पाहिली, आणि ती युक्ती आपल्याकडे आणली. शिक्षक ती वापरायला तयार होईनात, तेव्हा त्यांनी आठ वर्षांच्या एका हुशार मुलाला लहानांच्या वर्गावर बसवलं. काम फत्ते. मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवायचं, ही आपल्या गावठी शाळेतली रोजची रीत इंग्लंडला जाऊन ‘मद्रास पद्धत’ झाली. १७९७ मध्ये बेल यांनी ती छापून प्रसिद्ध केली, लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर यांनी स्वतंत्रपणे तसंच काहीसं चालवलं, आणि एका शिक्षकावर शेकडो गरीब मुलं स्वस्तात शिकवून निघतात म्हटल्यावर गिरण्यांच्या त्या देशात ती पद्धत धडाक्यानं पसरली. मग १८२० च्या दशकात, एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना, तीच पद्धत साहेबी टोपी घालून मुंबईच्या नव्या मराठी शाळांत परत आली. आता शिकवायला शिक्षक आहेत, तरी मॉनिटर आहेच. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणं एवढंच काम त्याच्याकडे उरलंय.

या काळाचं नाव काढलं की लोकांना एकदम मेकॉले आठवतो. ‘मी भारतभर फिरलो, मला एकही भिकारी दिसला नाही’ असं त्यानं २ फेब्रुवारी १८३५ ला ब्रिटिश संसदेत सांगितल्याचा मेसेज तुम्हालाही दहादा आला असेल. त्या तारखेला मेकॉले संसदेत नव्हताच, तो कलकत्त्यात होता, आणि त्या दिवसाच्या त्याच्या टिपणात असलं एक वाक्य नाही. जे आहे ते पुरेसं बोचरं आहे: सगळ्यांना शिकवणं परवडणारं नाही, म्हणून रक्तानं हिंदी पण आवडीनिवडीनं आणि विचारानं इंग्रज असा मधला वर्ग तयार करू. आपल्या मुंबई इलाख्याची वाट मात्र थोडी वेगळी होती. इथे प्राथमिक शिक्षण मराठी-गुजरातीतून सुरू झालं होतं. १८४० च्या दशकात शिक्षण मंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी यांनी इंग्रजीचा आग्रह धरला, तेव्हा जगन्नाथ शंकरशेट आणि त्यांचे सहकारी देशी भाषांच्या बाजूनं उभे राहिले. आज मराठी शाळांवरून जे बोललं जातं, त्यातले निम्मे मुद्दे त्या वादात येऊन गेलेत.

मग १८५४ चा, शिक्षणाचं धोरण आखणारा वुडचा खलिता आला, पुढच्या वर्षी शिक्षण खातं झालं, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक. इयत्ता, हजेरीपट, तपासणीला येणारे साहेब, हा सगळा सरंजाम याच काळातला. त्याचं मूळही दूरवरचं: १७६३ मध्ये प्रशियाच्या राजानं खेड्यापाड्यांतल्या मुलांना शाळा सक्तीची केली, आणि राज्यानंच शाळा चालवायची, एका वयाच्या सगळ्यांना एका ठरावीक वेळी एकच शिकवायचं, ही कल्पना तिथून जगभर गेली. मुंबई इलाख्यात खासगी शाळांचं अनुदान परीक्षेतल्या निकालाला बांधलं गेलं. किती पोरं पास, तेवढे पैसे. आता तुम्हीच सांगा, मास्तर पोरांना समजावून सांगेल की तपासनीस काय विचारतो ते पाठ करून घेईल? घोकंपट्टी हा मराठी माणसाचा स्वभावदोष नव्हे. तिचा हिशेब सरकारी वह्यांत होता.

या सगळ्या यंत्रणेला पहिला जाब विचारला तो जोतीराव फुल्यांनी. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा काढणारे जोतीराव सगळ्यांना ठाऊक असतात. १८८२ मध्ये शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन ठेवणारे जोतीराव त्या मानानं कमी वाचले जातात. सरकारचं धोरण होतं झिरपण्याचं: वरच्यांना शिकवा, विद्या आपोआप खाली झिरपेल. जोतीरावांनी हिशेब मांडला की सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या कॉलेजांवर. मग झिरपलं काय? बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी त्यांनी केली, आणि तेवढ्यावर थांबले नाहीत. शिकवायचं काय, तेही सांगितलं. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे धडे.

त्या निवेदनातली एक अट मला सगळ्यात मोलाची वाटते. शिक्षक शेतकरी वर्गातला, प्रशिक्षण घेतलेला असावा आणि वेळ पडल्यास त्याला नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरता यावा. ही शारीरिक श्रमाची आरती नाही. ज्याला मुलाच्या घरचं काम कळत नाही, त्याला मुलाचा प्रश्नही कळत नाही, असा तो रोकडा विचार आहे. अभ्यासक्रम कागदावर कितीही चांगला असो, तो मुलापर्यंत पोचतो शिक्षकाच्या अंगातून. आणि तो शिक्षक मुलाला शिवायलाच तयार नसेल तर?

इथे न ठरवता शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमाकडे येतो. शिक्षणशास्त्रात याला छुपा अभ्यासक्रम म्हणतात. घंटा झाली की उठायचं, पाणी प्यायलाही विचारायचं, रांग मोडायची नाही. हे कुठल्या पुस्तकात नसतं आणि जन्मभर विसरलं जात नाही. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा घरून गोणपाट आणून त्यावर वेगळा बसे आणि संध्याकाळी ते गोणपाट घरी नेई, कारण झाडलोट करणारा नोकरही त्याला हात लावत नसे. तहान लागली तर शिपाई असला तरच पाणी. शिपाई नाही, पाणी नाही. त्याच वर्गात फळ्यावर त्याच बेरजा सगळ्यांना शिकवल्या जात होत्या. कागदावरचा पाठ्यक्रम एकच होता. गोणपाटावरच्या मुलानं आणि बाकावरच्या मुलांनी त्या दिवशी जे शिकलं, ते एक नव्हतं. हाच मुलगा पुढे १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होता, आणि तिथे जॉन ड्युई शिकवत होते. शाळा म्हणजे पुढच्या आयुष्याची नुसती तयारी नाही, ते स्वतःच एक आयुष्य आहे, लोकशाही पाठ करता येत नाही तर वर्गात ती जगावी लागते, हे ड्युईंचं सांगणं. गोणपाट ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याला ते किती भिडलं असेल! ड्युईंचं ऋण बाबासाहेबांनी पुढे मोकळेपणानं मान्य केलं.

सक्तीच्या शिक्षणाची गाडी मधल्या काळात संस्थानांत पुढे गेली: बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर, कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये. गोखल्यांचं विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात १९१२ ला पडलं. ‘सगळ्यांना’ हा प्रश्न असा हळूहळू सुटू लागला. ‘काय’ हा तिथेच होता.

त्याचं सगळ्यात धाडसी उत्तर १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला दिलं गेलं. गांधीजींनी बोलावलेल्या परिषदेतून डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि तिनं जे वेळापत्रक सुचवलं ते आजही वाचताना दचकायला होतं. शाळेचे एकूण साडेपाच तास. त्यातले तीन तास वीस मिनिटं एका हस्तोद्योगाला. मातृभाषेला चाळीस मिनिटं. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून चाळीस. समाजशास्त्र आणि विज्ञान मिळून तीस. व्यायाम दहा, सुट्टी दहा. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ टकळी!

पण ही योजना, ‘नई तालीम’, म्हणजे सूतकताईचा वर्ग नव्हे, आणि तिची इथेच सगळ्यात जास्त चेष्टा झाली. कल्पना अशी होती की उद्योगाच्या आतूनच विषय काढायचे. तासाभरात किती तार निघाले ते मोजलं की सरासरी आली. कापूस काळ्या मातीत का येतो म्हटलं की भूगोल. टकळी फिरताना पीळ का बसतो, हे विज्ञान. इथला कापूस मँचेस्टरला जाऊन कापड होऊन परत का यायचा, इतिहास. हे नीट चालवायला शिक्षक मात्र असामान्य हवा. साधा शिक्षक खरंच फक्त सूत काढून घेतो. त्यात मुलांच्या मालातून शाळेचा खर्च भागावा ही गांधीजींची अपेक्षा अनेकांना खटकली, शाळेचा कारखाना होईल म्हणून. आणि आईबापांचं गणित सरळ होतं. साहेबाचं पोर इंग्रजी शिकणार आणि आमचं टकळी? स्वातंत्र्यानंतर सरकारांनी ‘मूलोद्योगी शाळा’ अशा पाट्या लावल्या, पुढे पाट्याही गंजल्या. मला विचाराल तर कल्पना चूक नव्हती. ती फक्त गरिबांच्या वाट्याला दिली गेली, आणि जे फक्त गरिबांना दिलं जातं ते गरिबांनाही नको असतं.

१९४५ पासून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीत, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक वेगळ्या बाजूनं याच प्रश्नाला भिडत होत्या. मारिया माँटेसरींची पद्धत त्यांना पटलेली होती: मूल हातानं शिकतं, साधनाशी खेळत स्वतः चुका दुरुस्त करतं. अडचण साधनांच्या किमतीची. मग ताराबाईंनी आणि अनुताई वाघांनी शंख-शिंपले, बिया, दगड, पानं वापरली. मुलं शाळेत येईनात तर शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली. तिचं नाव अंगणवाडी. पोरं गुरं राखायला जातात तर तिथे गेल्या; ती कुरणशाळा. १९७५ मध्ये केंद्र सरकारनं बालविकास योजना आणली तेव्हा ‘अंगणवाडी’ हाच शब्द देशभर गेला. शब्द गेला, बिया किती ठिकाणी गेल्या ते आपण आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीत जाऊन बघावं.

पुढचं भराभर. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानं दहा-दोन-तीनचा आराखडा सांगितला, आणि वर्ध्याची आठवण म्हणून ‘कार्यानुभव’ हा विषय. १९६७ मध्ये बालभारती निघाली. २००५ च्या राष्ट्रीय आराखड्यानं मूल स्वतःचं ज्ञान स्वतः रचतं असं म्हटलं, आणि आपल्याकडे ‘ज्ञानरचनावाद’ हा शब्द फरश्यांवर रंगवलेल्या आकड्यांसकट घराघरांत पोचला. आता २०२० च्या धोरणात पुन्हा हातकाम आहे, व्यवसायशिक्षण आहे. शिक्षकांच्या टाचणवहीत अध्ययन निष्पत्तींचे, म्हणजे मुलाला काय काय यायला हवं त्या यादीतले, क्रमांक आहेत. अनुदान निकालाला बांधलं होतं त्या दिवसांचीच मला ते क्रमांक वाचताना आठवण होते, पण वहिनी म्हणते मी उगाच खुसपट काढतो.

वहिनीची मुलगी सहावीत आहे, दुसऱ्या शाळेत. तिच्या वेळापत्रकात शुक्रवारी शेवटून दुसरा तास ‘कार्यानुभव’ असा छापलेला आहे. परवा विचारलं, “काय करता गं या तासाला?”

“काय म्हणजे? गणित. सरांचा पोर्शन राहिलाय.”

वही उघडून बसली होती. पूर्णांकयुक्त अपूर्णांकांचा गुणाकार, एक पूर्णांक एक छेद चार गुणिले दोन पूर्णांक एक छेद दोन. तिनं आधी दोन्ही अंशाधिक करून घेतले, पाच छेद चार आणि पाच छेद दोन. मग अंशाला अंश, छेदाला छेद. पंचवीस छेद आठ. मग आठानं भागायला घेतलं, जीभ दातांत धरून. आई शेजारी मेथी निवडत होती. तिनं वर न बघताच सांगितलं,

“तीन रुपये दोन आणे.”